ओळ स्वीकारणाऱ्याची बाजू

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या संगणक अभियांत्रिकी व संगणकशास्त्र अभ्यासमंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

मुक्तस्रोत आज्ञावली, म्हणजे जिचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि बदललेल्या रूपात पुन्हा वाटता येईल अशा परवान्याखाली प्रसिद्ध झालेली आज्ञावली, ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आता दूरची गोष्ट राहिलेली नाही. त्याच्या फोनचा गाभा, महाविद्यालयाचा सर्व्हर आणि ज्या भाषेत तो पहिला प्रोग्रॅम लिहितो ती भाषा, हे सारे बहुतांशी तिच्यावरच उभे असते. अशा प्रकल्पांना विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेला कोड द्यावा, त्याची नोंद प्रकल्प-अहवालात व्हावी आणि शक्य असेल तेथे त्याला श्रेयांकही मिळावेत, ही अपेक्षा त्यामुळे रास्तच म्हणावी लागते. प्रस्तुत पत्राचा आक्षेप त्या अपेक्षेला नसून तिच्या मोजमापाला आहे. विद्यार्थ्याने किती पुल रिक्वेस्ट पाठवल्या, म्हणजे ‘हा बदल मूळ प्रकल्पात घ्यावा’ असे किती प्रस्ताव मांडले, आणि त्यांतील किती मर्ज झाले, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील करून घेतले गेले, या दोन आकड्यांवर गुण ठरू लागले की मूल्यमापन सोपे होते खरे. पण ते आकडे केवळ देणाऱ्याची बाजू मोजतात. घेणाऱ्याची बाजू, म्हणजे तो बदल वाचणारी, तपासणारी आणि स्वीकारल्यावर पुढची कित्येक वर्षे सांभाळणारी व्यक्ती, या हिशेबात कोठेच येत नाही.

या व्यक्तीला या क्षेत्रात मेंटेनर म्हणतात. मेंटेनर पगारी असेलच असे नाही. पुष्कळदा तो रात्री जेवणानंतर तासभर बसणारा एखादा प्रोग्रॅमर असतो. त्याने स्वीकारलेली ओळ ही त्या क्षणापासून त्याची ओळ होते. लिहिणारा विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेला, त्याचा ईमेल पत्ता बंद झाला, तरी त्या ओळीतून उद्भवलेल्या दोषाची तक्रार मेंटेनरकडेच येते. कोड देणे हे म्हणूनच वस्तू दान करण्यापेक्षा दुसऱ्याच्या घरी आपले मूल सांभाळायला ठेवण्याच्या अधिक जवळचे आहे, आणि घरमालकाने शंभर प्रश्न विचारले तर त्यात रागावण्यासारखे काही नसते.

हे प्रश्न कसे विचारले जातात, याची सर्वांत तपशीलवार रीत लिनक्स कर्नलच्या कामात पाहायला मिळते. कर्नल म्हणजे संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या यांच्यामध्ये बसलेला गाभा. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थी असताना तो लिहायला घेतला. आज त्याची नवी आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि एकेका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल सामावलेले असतात. यांतील बहुतेक प्रत्येक बदल आधी पॅचच्या रूपात ईमेलने पाठवला जातो. पॅच म्हणजे काढायच्या ओळींच्या आरंभी वजाचे आणि घालायच्या ओळींच्या आरंभी अधिकचे चिन्ह असलेला साधा मजकूर होय. त्यात रंगीत अक्षरे चालत नाहीत की जोडलेली फाइल चालत नाही, कारण वाचणाऱ्याला उत्तर देताना नेमक्या त्या ओळीखाली आपला शेरा लिहिता आला पाहिजे. पॅच कोणाला पाठवायचा, हे कर्नलसोबतच येणाऱ्या एका फाइलमध्ये विभागवार नोंदलेले असते आणि ते शोधून देणारी छोटी आज्ञावलीही तेथेच मिळते. मोकळ्या जागा आणि ओळींची लांबी यांसारख्या मांडणीच्या चुका दाखवणारी दुसरी आज्ञावली पाठवण्याआधी चालवणे अपेक्षित असते. एवढे करूनही जो पॅच येतो, तो वाचायला माणूसच लागतो.

पॅचसोबतच्या संदेशाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण मराठी शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याला तो ओळखीचाही वाटेल आणि परकाही. शाळेत अर्जलेखन शिकवले जाते: वर ‘विषय’, मग ‘महोदय’, मग ‘वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की’. कर्नलच्या संदेशातही पहिली ओळ विषयाची असते आणि ती ७० ते ७५ अक्षरांपलीकडे जाऊ नये असा संकेत आहे. पुढे एक ओळ मोकळी सोडून कारण लिहायचे असते. साम्य येथेच संपते. विनंती, आर्जव, स्वतःच्या वर्गाची आणि महाविद्यालयाची ओळख, ‘मी नवीन आहे, सांभाळून घ्यावे’, यांतले काहीही तेथे लागत नाही. आधी काय बिघडले आहे, ते कोणाला आणि कसे जाणवते, मग बदलाने काय होईल, हे सांगायचे असते आणि तेही आज्ञार्थात, जणू कोडलाच हुकूम दिला जात आहे अशा भाषेत. अर्जाच्या नम्रतेत वाढलेल्या विद्यार्थ्याला हा सूर उद्धट वाटण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात तो वाचणाऱ्याचा वेळ वाचवणारा सूर आहे, आणि तो शिकवावा लागतो. आपोआप येत नाही.

संदेशाच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ या शब्दांनी सुरू होणारी, नाव आणि ईमेल पत्ता असलेली ओळ लागते. ही केवळ सही नव्हे. लिनक्समध्ये दुसऱ्याच्या मालकीचा कोड शिरल्याचा आरोप करणारा दावा २००३ मध्ये अमेरिकेत दाखल झाल्यानंतर, २००४ पासून ही पद्धत सुरू झाली. त्या ओळीने पाठवणारा असे जाहीर करतो की हा कोड या परवान्याखाली देण्याचा अधिकार आपल्याला आहे. ज्या काळात विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून शे-दोनशे ओळी मिनिटभरात लिहवून घेऊ शकतो, त्या काळात या एका ओळीचे वजन वाढले आहे, कमी झालेले नाही. साधन वापरू नये असे म्हणण्यात अर्थ नाही. पण सही करणाऱ्याला प्रत्येक ओळ का आहे हे सांगता आले पाहिजे. इंटरनेटवरून फाइली आणण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘कर्ल’ या आज्ञावलीचे मुख्य मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग यांनी अशा साधनांकडून लिहवून घेतलेल्या, दिसायला नेटक्या पण मुळात खोट्या सुरक्षा-अहवालांबद्दल उघड तक्रार केली आहे. खोटा अहवाल लिहायला मिनिट लागते. तो खोटा आहे हे ठरवायला जाणकाराचे काही तास जातात.

विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहिलेला आणि जाणकाराने तपासलेला कोडही किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण २०१४ च्या एप्रिलमध्ये साऱ्या जगासमोर आले. ओपनएसएसएल ही आज्ञावली संकेतस्थळ आणि वाचक यांच्यातील देवाणघेवाण सांकेतिक रूपात बदलते, आणि बँकांपासून सरकारी कार्यालयांपर्यंत असंख्य सर्व्हर तिच्यावर विसंबून होते. जर्मनीतील एका संशोधक विद्यार्थ्याने तिच्यात ‘हार्टबीट’ नावाची सोय जोडली: एका बाजूने एखादा मजकूर आणि त्याची लांबी पाठवायची, दुसऱ्या बाजूने तोच मजकूर परत पाठवायचा, म्हणजे संपर्क चालू असल्याची खात्री पटते. त्या कोडमध्ये सांगितलेली लांबी खरी आहे की नाही हे तपासणारी अट राहून गेली होती. चार अक्षरे पाठवून ‘ही चौसष्ट हजार अक्षरे आहेत’ असे सांगितले, तर सर्व्हर बापडा चार अक्षरांच्या पुढे स्मृतीत जे काही पडलेले असेल, पासवर्ड असो की गुप्त किल्ली, तेही जोडून परत पाठवत असे. प्रकल्पातील एका सदस्याने हा कोड वाचला, त्याच्याही नजरेतून अट सुटली, आणि २०११ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री तो मूळ कोडमध्ये दाखल झाला. दोष उघड व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. दुरुस्ती मात्र मोजक्या ओळींची होती.

या घटनेतून विद्यार्थ्यांना दूर ठेवावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण चूक अनुभवी प्रोग्रॅमरकडूनही झालीच असती. लक्षात घ्यायचे ते वेगळेच: लिहिणारे पुष्कळ होते, वाचणारे मूठभर. मुक्तस्रोत जगात तुटवडा कोडचा नसून वाचकाचा आहे, आणि विद्यापीठे ज्या मोजमापाचा विचार करत आहेत ते नेमके मुबलक असलेल्या गोष्टीत भर घालते आणि दुर्मीळ असलेल्या गोष्टीवर ताण वाढवते.

तो ताण कोणत्या रूपात येतो, हेही एकदा दिसून गेले आहे. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये पहिल्याच दिवशी असंख्य प्रकल्पांत रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल, हिच्यात एखादा स्वल्पविराम हलवणे किंवा ‘अप्रतिम प्रकल्प’ अशासारखे शब्द घुसडणे, अशा प्रस्तावांचा पूर आला आणि मेंटेनरांचे दिवस तो उपसण्यात गेले. आयोजकांना दोन-तीन दिवसांतच नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील त्यांच्यापुरताच उपक्रम ठेवावा लागला. पाठवणाऱ्यांत दुष्ट कोणी नव्हते; त्यांना एक आकडा गाठायचा होता. टी-शर्टच्या जागी श्रेयांक ठेवला तर आकर्षण कमी होईल असे मानायला काही आधार नाही.

संस्थेचीही जबाबदारी असते, हे २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकरणाने दाखवून दिले. तेथील संशोधकांनी सदोष पॅच ओळखले जातात की नाही हे पाहण्यासाठी कर्नलच्या मेंटेनरांकडे मुद्दाम दोष ठेवलेले पॅच पाठवले होते. मानवी सहभाग असलेल्या संशोधनाची नैतिक तपासणी करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीने हे संशोधन आपल्या कक्षेबाहेरचे ठरवले होते. कोड तपासणारी माणसे बहुधा तिच्या नजरेत माणसे म्हणून आलीच नसावीत. पुढे त्याच विद्यापीठातून आणखी शंकास्पद पॅच आले, तेव्हा ज्येष्ठ मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी एप्रिलमध्ये साऱ्या विद्यापीठाचे योगदान थांबवले, संशोधकांनी क्षमा मागून शोधनिबंध मागे घेतला, आणि त्या विद्यापीठातून पूर्वी आलेले शेकडो बदल इतरांना पुन्हा तपासत बसावे लागले. बंदी एका गटाच्या कृत्यामुळे आली, पण ती विद्यापीठाच्या पत्त्यावरून पाठवणाऱ्या प्रत्येकाला लागू झाली. अभ्यासमंडळ जेव्हा एका सत्रात साठ विद्यार्थ्यांना एकाच वेळी परक्यांच्या दारात पाठवते, तेव्हा तेही आपल्या पत्त्यावरूनच पाठवत असते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे: एवढे मोठे आणि अवघड प्रकल्प कशाला, विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काही सुचवावे. सुचवता येते, आणि त्यासाठी कर्नलपर्यंत जाण्याचीही गरज नाही. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ हे दोन शब्द घ्यावेत. पहिला गुरूंना उद्देशून, दुसरा स्वयंपाक करणाऱ्याला. लग्नघरात यांची अदलाबदल झाली तर काय होईल ते सांगायला नको. पहिल्यात ‘र’ रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, दुसऱ्यात तो आडव्या, पापणीसारख्या खुणेने ‘य’च्या आधी बसतो. ही पापणी मराठीला नित्य लागते. हिंदीला लागत नाही. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात ती मिळवण्याचे दोन मार्ग आहेत: एक, ‘ऱ’ हे नुक्ता असलेले स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग ‘य’, दुसरा, साधा ‘र’, मग हलंत, मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह, आणि मग ‘य’. गंमत अशी की पहिल्या मार्गातील ‘ऱ’ची मानकातील मुख्य ओळख द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी अशी आहे आणि मराठीची पापणी त्याच्या अर्ध्या रूपात राहायला गेलेली आहे.

पडद्यावर दोन्ही मार्गांनी आलेला ‘आचाऱ्याला’ अगदी सारखा दिसतो, पण साठवलेले क्रमांक वेगळे असल्यामुळे, ज्या आज्ञावलीत ही समानता कोणी शिकवलेली नाही तेथे एका रूपाने शोध घेतला तर दुसऱ्या रूपातील शब्द सापडत नाही. ग्रंथालयाच्या सूचीत ‘दऱ्या’ हा शब्द शोधणाऱ्या वाचकाला पुस्तक नाही असे उत्तर मिळते, आणि पुस्तक कपाटात असते. हा दोष बाहेरच्या कुशल प्रोग्रॅमरला दिसणे कठीण आहे, कारण त्याला दोन चित्रे एकसारखीच दिसतात; मराठी विद्यार्थ्याला मात्र तो पाच मिनिटांत पुराव्यासह दाखवता येतो.

अक्षरे जोडून पडद्यावर आकार घडवण्याचे काम करणारी ‘हार्फबझ’ ही मुक्तस्रोत आज्ञावली फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस या सर्वांत वापरली जाते. तिच्यासारख्या प्रकल्पात चाचण्यांचा मोठा संच असतो: अमुक क्रमांकांची ओळ, अमुक फाँट, अपेक्षित आकार अमुक. अशी एक चाचणी म्हणजे मोजून एक ओळ. पण ती लिहिण्यासाठी रफार आणि पापणी यांचा नियम नेमका मांडावा लागतो, फाँटचा परवाना तपासावा लागतो, दोष फाँटमध्ये आहे की आज्ञावलीत हे वेगळे काढावे लागते, आणि ज्याला देवनागरी वाचता येत नाही अशा मेंटेनरला हे सारे पटवून द्यावे लागते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ यांची गोष्टही हीच आहे: फाँटमध्ये मराठीसाठीचे आकार असूनही आज्ञावलीने मजकुराची भाषा मराठी असल्याचे फाँटला कळवलेच नाही, तर वाचकाला हिंदी वळणाचे आकार दिसतात. या कामाला संख्येत मोजले तर ते शून्याच्या जवळ जाते. जवळच्या इतर वाटाही आहेत. व्यवसायांच्या हिशेब-व्यवस्थापनाची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्तस्रोत आज्ञावली मुंबईत घडलेली आहे, आणि मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्प गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांना मुक्त आज्ञावल्यांच्या कामाला लावत आला आहे.

आता अभ्यासमंडळांनी काय करावे, याविषयी. गुण मर्जला देऊ नयेत, पत्रव्यवहाराला द्यावेत. विद्यार्थ्याने दोष कसा शोधला, संदेश कसा लिहिला, आलेल्या शेऱ्यांवर काय उत्तर दिले, पॅचची दुसरी आणि तिसरी आवृत्ती पाठवताना काय बदलल्याचे सांगितले, हे सारे उघड नोंदीत राहते आणि परीक्षकाला वाचता येते. नाकारलेल्या पॅचला पूर्ण गुण मिळू शकतील अशी तरतूद नियमातच हवी, कारण ‘हा बदल नको, यामुळे जुन्या वापरकर्त्यांचे काम मोडेल’ हे उत्तर समजून घेणे हे स्वीकारले जाण्यापेक्षा अधिक शिकवते. त्याहून महत्त्वाचे असे की, बाहेर जाणारा प्रत्येक पॅच आधी वर्गातील दुसऱ्या विद्यार्थ्याने वाचलेला असावा, आणि वाचणाऱ्यालाही लिहिणाऱ्याइतकेच गुण असावेत. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गातून सत्राअखेर साठ पॅच न जाता दहा गेले, आणि त्या दहांवर आतल्या आत पाच-पाच वाचने झालेली असली, तर बाहेरच्या मेंटेनरच्या दारात गर्दी होणार नाही आणि ज्याचा खरा तुटवडा आहे असा वाचक तयार होऊ लागेल.

शिक्षकांची तयारी हा यातील नाजूक भाग आहे आणि तो परिपत्रकाने सुटणारा नाही. ज्या शिक्षकाने स्वतः एकही पॅच पाठवलेला नाही, शेरे खाल्लेले नाहीत, त्याला विद्यार्थ्याचा पत्रव्यवहार तपासायला सांगणे हे पोहता न येणाऱ्याला काठावरून गुण द्यायला बसवण्यासारखे आहे. विभागातील दोन शिक्षकांनी वर्षभरात प्रत्येकी एका दोषाचा पाठपुरावा शेवटपर्यंत करावा, एवढी अट घातली तरी पुरे. तो दोष किती किरकोळ आहे याला महत्त्व नाही.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो विद्यापीठाच्या वेळापत्रकाला सर्वांत जड जाणारा आहे. कर्नलमध्ये नवी आवृत्ती निघाल्यावर पहिले दोन आठवडे मेंटेनर आधीच जमलेले बदल वर पाठवण्यात गुंतलेले असतात; त्या काळात आलेला नवा पॅच पडून राहतो. एरवीही उत्तरासाठी दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि आठवडा उलटण्याआधी आठवण करू नये असे मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेले आहे. तोंडी परीक्षा मंगळवारी आहे म्हणून सोमवारी रात्री मेंटेनरला तीन स्मरणपत्रे पाठवणारा विद्यार्थी दोषी नसतो. त्याला तसे करायला लावणारे वेळापत्रक दोषी असते. त्यासाठी या कामाचे गुण एका सत्राच्या चौकटीत न बसवता पाचव्या सत्रात सुरू होऊन सातव्या सत्राअखेर नोंदवता येतील, आणि निकाल लागल्यानंतर आलेले उत्तरही विद्यार्थ्याच्या नोंदवहीत घेता येईल, अशी सोय अभ्यासमंडळांनी परीक्षा विभागांशी बोलून येत्या अभ्यासक्रम-पुनर्रचनेत करावी, ही विनंती.

कळावे.

मुक्तस्रोत आज्ञावलीचा एक अभ्यासक